पेट्रोलचा दर आणि दराबाहेरचा खर्च

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले हायड्रोकार्बनही बाहेर पडतात. गाडी रस्त्यावर जागा अडवते, इतरांचा वेळ खाते आणि कधी कुणाचा जीवही घेते. पंपावरच्या पावतीत यातल्या कशाचीच नोंद नसते. व्यवहार दोघांत होतो आणि त्याचा भुर्दंड तिसऱ्याला पडतो, अशा खर्चाला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेलफेअर’ या ग्रंथात या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. जेवढे नुकसान, तेवढा कर त्या वस्तूवर बसवावा, या उपायाला त्यांचेच नाव मिळाले. पुढे १९५० मध्ये के. विल्यम कॅप यांनी ‘द सोशल कॉस्ट्स ऑफ प्रायव्हेट एंटरप्राइज’ मध्ये आणखी कठोर भूमिका घेतली. आपला खर्च समाजावर ढकलणे हा अपवाद नसून खासगी उद्योगाची ती नेहमीची रीतच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पेट्रोलच्या दराचा प्रश्न दुहेरी आहे. दर कमी ठेवला तर न भरलेला खर्च हवा, पाणी आणि अनोळखी माणसे सोसतात. दर वाढवला तर ज्यांना गाडीवाचून दुसरा मार्ग नाही, त्यांची कमाई त्यात जाते. भारताचा अनुभव या दोन्ही बाजूंचा आहे.

दर कसा ठरतो

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे दराचा पाया जागतिक बाजार आणि रुपया-डॉलरचा विनिमय दर यांवर उभा असतो. त्यावर शुद्धीकरणाचा आणि वाहतुकीचा खर्च, केंद्राचे उत्पादन शुल्क, पंपचालकांचे कमिशन आणि राज्याचा मूल्यवर्धित कर चढतो. अनेक वर्षे दर थेट सरकार ठरवत असे. पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत आली. प्रत्यक्षात मात्र ६ एप्रिल २०२२ नंतर तेल कंपन्यांनी जवळजवळ दोन वर्षे दर स्वतःहून हलवला नाही. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, दोन रुपयांची कपात झाली. कागदावर दर बाजाराच्या हाती आहे, पण व्यवहारात तो सरकारच्या नजरेखालीच चालतो.

करांचा इतिहास अधिक बोलका आहे. २०१४ मध्ये पेट्रोलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होते. त्यानंतर कच्चे तेल स्वस्त होत गेले तसे शुल्क चढत गेले. मे २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे जगभर तेलाचे भाव कोसळले असताना, ते सुमारे ३३ रुपयांवर पोहोचले. स्वस्त तेलाचा लाभ ग्राहकाऐवजी तिजोरीत गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपयांची कपात झाली, तर एप्रिल २०२५ मध्ये २ रुपयांची वाढ होऊन शुल्क २१ रुपये ९० पैसे झाले. मुंबईत पेट्रोलने मे २०२१ अखेर शंभरी ओलांडली आणि एप्रिल २०२२ मध्ये १२० रुपयांचा आकडाही पार केला.

या शुल्काची अंतर्गत रचना राज्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मे २०२२ नंतरच्या १९ रुपये ९० पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे होते. राज्यांना वाटा मिळतो तो एवढ्याच भागातून. उरलेली रक्कम विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर अशा नावांनी केंद्राकडे राहते. त्यामुळे राज्येही आपला कर सोडायला तयार नसतात. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि त्याशिवाय लिटरला ५ रुपये १२ पैसे असा अतिरिक्त कर आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवले गेले, ते याच महसुलासाठी.

म्हणजे भारतात पेट्रोलवर कर भरपूर आहे, पण तो प्रदूषण किंवा अपघात मोजून बसवलेला नाही. तो वसूल करायला सोपा आहे म्हणून बसवलेला आहे. पुढच्या सगळ्या विवेचनात हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

हवामान आणि हवा

कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या नुकसानीला पैशांत मोजण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालू आहेत. अमेरिकेत सरकारी कामकाजासाठी टनामागे ५१ डॉलर हा आकडा वापरला गेला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये तो १९० डॉलरपर्यंत नेला. पहिल्या आकड्याने एका लिटर पेट्रोलचे हवामानावरचे नुकसान सुमारे १२ सेंट, म्हणजे दहा रुपयांच्या आसपास येते. दुसऱ्याने ते ४४ सेंटच्या जवळ, म्हणजे ३५ ते ४० रुपये होते. एवढी तफावत पडण्याचे मुख्य कारण, पुढच्या पिढ्यांच्या नुकसानीला आज किती वजन द्यायचे यावरचा मतभेद हे आहे. आकडा कोणताही धरला, तरी भार सोसणारे तेच राहतात. अवकाळी पावसात द्राक्षबाग गमावणारा नाशिकचा शेतकरी आणि लागोपाठच्या दुष्काळांनी पिचलेला मराठवाड्यातला मजूर यांनी जाळलेले इंधन अगदी थोडे आहे. जगाच्या पातळीवर पाहिले तर हेच समुद्राकाठच्या आणि कोरडवाहू मुलखातल्या कोट्यवधी माणसांच्या वाट्याला येते.

हवेच्या प्रदूषणाचा खर्च जवळचा आणि तातडीचा असतो. पेट्रोलमधले बेंझीन कर्करोगकारक आहे. डिझेलचा धूरही तसाच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले. सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खेदजनक उदाहरण शिशाचे आहे. इंजिनातली ठोक थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती अमेरिकेत १९२१ मध्ये सापडली. शिसे विषारी आहे हे तेव्हाही माहीत होते. तरीही पुढची कित्येक दशके मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होत राहिला. भारतात महानगरांमध्ये १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० मध्ये देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते २०२१ मध्ये थांबवले. एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकामुळे इंधनातले गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. या दोन्ही सुधारणा दराने घडवल्या नाहीत, नियमाने घडवल्या. विष स्वस्त की महाग ठेवायचे हा प्रश्नच चुकीचा असतो. ते काढून टाकावे लागते.

विहिरीपासून पंपापर्यंत

पेट्रोल जळण्याआधीच त्याचा खर्च सुरू झालेला असतो. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेलगळतीने ओगोनी लोकांची शेती आणि मासेमारी उद्ध्वस्त झाली. त्याविरुद्ध आवाज उठवणारे लेखक केन सारो-विवा यांना नायजेरियाच्या लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात ओगोनी प्रदेश पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागू शकतील असे म्हटले होते.

महाराष्ट्रातही हा खर्च दिसतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सांडलेले तेल किनाऱ्यावर आणि खारफुटीत पसरले आणि ऐन हंगामाच्या तोंडावर मच्छीमारांचा धंदा बसला. मुंबईच्या पूर्व भागात माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यात १९५० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तिथल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन याच पट्ट्यातल्या इमारतींत झाले. श्वसनाचे आणि त्वचेचे विकार होतात, या तक्रारी घेऊन रहिवाशांनी दीर्घकाळ लढा दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलमध्ये राहण्यास तयार नसलेल्या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेच्या प्रदूषणासाठी चार कंपन्यांवर एकूण २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांनाच इंधनाच्या कारखान्याशेजारी राहायला पाठवले गेले, ही या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणारच्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाला आंबा-काजू बागायतदार आणि मच्छीमारांनी विरोध केला आणि २०१९ मध्ये तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसू-सोलगाव परिसराची निवड झाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी पुन्हा संघर्ष पेटला.

रस्त्यावरचा खर्च

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सुमारे ४४ टक्के आणि पादचाऱ्यांचा सुमारे १९ टक्के होता. पादचारी पेट्रोल जाळत नाही, तरी पेट्रोलवर चालणाऱ्या वाहतुकीची किंमत तो प्राणाने मोजतो. कोंडीत अडकलेल्या बसमधले प्रवासीही असाच न केलेल्या चुकीचा दंड भरत असतात.

इयान पॅरी आणि केनेथ स्मॉल यांनी २००५ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या देशांत पेट्रोलवर किती कर असावा, याचा हिशोब मांडला. त्यांच्या मते अमेरिकेत गॅलनला सुमारे १ डॉलर आणि ब्रिटनमध्ये सुमारे १ डॉलर ३४ सेंट कर योग्य ठरला असता. प्रत्यक्षात तो अनुक्रमे सुमारे ४० सेंट आणि २ डॉलर ८० सेंट होता. म्हणजे अमेरिकेत कर फार कमी आणि ब्रिटनमध्ये जास्त. त्या हिशोबात हवामानाचा वाटा लहान होता आणि कोंडी, अपघात व स्थानिक प्रदूषण यांचा मोठा. हवामानाच्या नुकसानीचे अंदाज त्यानंतर बरेच वाढले आहेत. तरी अमेरिकेचा संघीय पेट्रोल कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच थांबलेला आहे.

या अभ्यासातून पेट्रोल कराची एक मर्यादाही दिसते. मध्यरात्री गडचिरोलीच्या मोकळ्या रस्त्यावर जाळलेले लिटर आणि सायंकाळी सहाला शीवच्या कोंडीत जाळलेले लिटर यांवर उत्पादन शुल्क एकच बसते, पण त्यांनी इतरांवर लादलेला खर्च अगदी वेगळा असतो. म्हणूनच सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये आणि स्टॉकहोमने २००६ मध्ये शहराच्या गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर वेगळे शुल्क बसवले.

स्वस्त इंधनाची किंमत

दर दडपून ठेवला की नुकसान नाहीसे होत नाही, दुसरीकडून बाहेर येते. डिझेलवर अनुदान होते ते एसटी, ट्रक आणि शेतीपंपांच्या नावाने. त्याचा लाभ महागड्या डिझेल मोटारींनी घेतला. २०१२-१३ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत डिझेलचा वाटा निम्म्याहून अधिक झाला आणि शहरांच्या हवेत काजळी वाढली. त्याआधीच्या वर्षांत तेल कंपन्यांचा तोटा भरून काढायला सरकारने रोखे दिले. त्यांची परतफेड पुढच्या वर्षांच्या करदात्यांवर पडली.

रॉकेलची कथा याहून भीषण आहे. रेशनवरचे रॉकेल आणि पंपावरचे इंधन यांच्या दरांत मोठे अंतर होते. त्या अंतरावर भेसळीचा धंदा पोसला गेला. गरिबांच्या चुलीसाठीचे रॉकेल टँकरमध्ये गेले, इंजिने खराब झाली, धूर वाढला आणि गुन्हेगारांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशात भेसळ पकडणारे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांची नोव्हेंबर २००५ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निषेध केला. दोन इंधनांच्या दरांतले कृत्रिम अंतर माणसाच्या जिवावर उठू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा असू शकत नाही.

महाग इंधनाचा भार

दरवाढीचा भार कोणावर पडतो, याचे उत्तर पेट्रोल कोण वापरते यावर अवलंबून आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाने २०१३ च्या सुमारास करून घेतलेल्या पाहणीत पेट्रोलचा सुमारे ६१ टक्के खप दुचाकींचा आणि सुमारे ३४ टक्के मोटारींचा आढळला. म्हणजे भारतात पेट्रोल हे प्रामुख्याने दुचाकीचे इंधन आहे. कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार, गावोगाव फिरणारा औषधविक्रेता, घरपोच जेवण देणारा तरुण, शाळेपासून दूर राहणारी शिक्षिका यांचे त्यावर चालते. मोटारमालक रुपयांत जास्त कर भरतो, पण मिळकतीच्या प्रमाणात दुचाकीवाल्याला तो अधिक जड जातो.

ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांच्यापर्यंत दरवाढ डिझेलमार्गे पोहोचते. भाजीपाला ट्रकने वाशीच्या बाजारात येतो, शेतात ट्रॅक्टर चालतो आणि कोकणातला ट्रॉलर समुद्रात जातो, तो डिझेलवरच. मच्छीमार सहकारी संस्थांच्या नौकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देण्याची योजना राज्यात आहे, पण परताव्याची थकबाकी ही मच्छीमारांची नेहमीची तक्रार असते. एसटीने जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढवले, त्यामागच्या कारणांत इंधनाचा खर्चही होता. उलट, मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला, तेव्हा गाड्या भरून वाहू लागल्या. प्रवासाची गरज किती दबून राहिली होती, हे त्यातून कळले.

दर वाढला की खप घटतो, पण लगेच फारसा नाही. कामावर जायचेच असते आणि बस नसते, म्हणून माणूस दुसऱ्या खर्चाला कात्री लावतो. परिणाम दिसायला वर्षे लागतात. लोक कमी इंधन पिणारी गाडी घेतात, घर कामाजवळ शोधतात, बस किंवा लोकलकडे वळतात. ज्या गावात वळायला काहीच नाही, तिथे करामुळे प्रदूषण घटत नाही, फक्त खिसा रिकामा होतो.

जगातला अनुभव

नायजेरियाने १ जानेवारी २०१२ रोजी पेट्रोलचे अनुदान एका फटक्यात काढले आणि देशव्यापी संपानंतर दरवाढ अंशतः मागे घ्यावी लागली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या वाढत्या कराविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले. शहराबाहेर राहणारी, गाडीवाचून अडणारी माणसे त्यात पुढे होती. सरकारने ती करवाढ सोडून दिली. इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ मधील दरवाढीनंतरची निदर्शने रक्तपाताने चिरडली गेली. त्याच इराणने डिसेंबर २०१० मध्ये याहून मोठी दरवाढ केली होती, पण दरवाढीआधीच घरोघरच्या बँक खात्यांत रोख रक्कम जमा केली होती, आणि ती दरवाढ तुलनेने शांतपणे पार पडली. इंडोनेशियानेही २००५ मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देऊन अनुदान कमी केले. भरपाई आधी, दरवाढ नंतर हा क्रम जिथे पाळला गेला, तिथे लोकांनी बदल स्वीकारला.

पर्यायांचा हिशोब

पेट्रोलऐवजी दुसरे इंधन आणले की सगळे खर्च मिटत नाहीत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. त्याने आयात घटते आणि साखर कारखान्यांना दुसरा ग्राहक मिळतो. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि महाराष्ट्रात ऊस लागवडीच्या थोड्या क्षेत्रावर सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले, तेव्हा अन्न आणि इंधन यांची ओढाताण उघड झाली.

विजेच्या गाड्या शहराची हवा निश्चित सुधारतात. वीज कोळशाची असेल, तर धुराचा काही भाग चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक केंद्रांजवळच्या वस्त्यांकडे जातो. कोंडी आणि अपघात तर तसेच राहतात. शिवाय पेट्रोलचा खप घटला की केंद्र आणि राज्य दोघांचाही महसूल घटणार आहे, त्याची तजवीज आतापासून करावी लागेल. सगळे खर्च एकाच वेळी कमी करणारा पर्याय एकच आहे: वेळेवर येणारी, परवडणारी सार्वजनिक वाहतूक आणि तिच्यापर्यंत चालत जाता येईल असे पदपथ.

निष्कर्ष

पेट्रोल महाग असणे आणि पेट्रोलची किंमत न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात पेट्रोल महाग आहे. पण माहुलच्या रहिवाशाला, दुष्काळातल्या शेतकऱ्याला किंवा रस्ता ओलांडताना जखमी झालेल्या पादचाऱ्याला या कराचा पैसा हक्काने मिळत नाही. दर कृत्रिमरीत्या पाडणे हा त्यावरचा उपाय नाही, हे डिझेल आणि रॉकेलच्या इतिहासाने दाखवले आहे. नुसती दरवाढ हाही उपाय नाही, हे पॅरिस आणि तेहरानने दाखवले आहे. विषारी घटकांसाठी कडक नियम, शहरी कोंडीसाठी स्थळकाळानुसार शुल्क, गरीब कुटुंबांना थेट भरपाई आणि इंधन कराचा ठरावीक, जाहीर हिस्सा बस, लोकल, एसटी व पदपथांसाठी, या चारही गोष्टी एकत्र केल्या तरच दराला अर्थ येतो. यांतली शेवटची राज्य सरकारला स्वतःच्या मूल्यवर्धित करातून सुरू करता येण्यासारखी आहे आणि ती सर्वांत आधी व्हायला हवी. लिटरला ५ रुपये १२ पैशांच्या अतिरिक्त करातला ठरावीक वाटा एसटी आणि शहर बससेवांना कायद्याने बांधून द्यावा, ही मागणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मतदाराने आपल्या आमदाराकडे केली पाहिजे.